एक टिचकी चालू, दोन बंद

त्या डब्या खोक्यातून निघाल्या तेव्हा अख्ख्या थिएटरात सगळ्यांत जास्त खूश मी झाले होते, हे आधीच कबूल करून टाकते. सव्वीस वर्षं मी वायरी ओढल्या आहेत. पायऱ्यांवरून, पडद्यामागून, छताखालच्या लोखंडी सांगाड्यावरून. खांद्यावर वळ, तळहाताला घट्टे, आणि वर लोकांचं ऐकायचं, ‘बाई असून शिडीवर?’ बाई असून म्हणजे काय? शिडीला कळतं का कोण चढलंय ते? तर नवे दिवे आले आणि त्यांच्याबरोबर या हाताच्या मुठीत मावतील अशा डब्या आल्या. प्रत्येक दिव्याला एक डबी, आणि प्रेक्षकांमागच्या काचेच्या बूथमधल्या डेस्कला एक मोठी. डेस्कवरून हुकूम सुटणार, हवेतून जाणार, दिवा तो पाळणार. मध्ये वायर नाही. ज्याने कुणी हे शोधून काढलं त्याचे पाय धरावेत असं मला वाटलं.

दादाला नाही वाटलं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. डेस्कवर तो बसायचा. कुठला दिवा केव्हा लावायचा, किती लावायचा, केव्हा घालवायचा, सगळं त्याच्या दहा बोटांत. मी वर चढून दिवे बांधायचे आणि त्याने खाली बसून ते चालवायचे, अशी आमची वाटणी. मी सारखी वर चढलेली, म्हणून तो मला माकड म्हणतो. पन्नाशी आली तरी माकडच.

त्याने एक डबी हातात घेतली, उलटीसुलटी करून चाचपली आणि कानाला लावली.

“माकडे, हिचा आवाज कुठाय?”

“आवाज कसला? वायरलेस आहे ती.”

“आणि दिव्यांचा?”

“नवे दिवे आवाज करत नाहीत दादा. तापतसुद्धा नाहीत.”

त्याने डबी परत खोक्यात ठेवली. खोक्याच्या कडेला लागून ती खाली पडली, आणि मी पटकन उचलली, कुणी बघायच्या आत.

कारण दादाला दिसत नव्हतं. थिएटरात हे फक्त मला माहीत होतं, घरी वहिनीला, आणि बाहेर त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरला. सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. डोळ्यामागची नस सुकत जाते म्हणे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती टिकतं ते बघायचं, असं डॉक्टर म्हणाला, आणि म्हणताना स्वतःच्या पेनकडे बघत होता मेला. उजवा डोळा पार गेला. डाव्यात एवढंसं उरलं होतं. दिवसाउजेडी समोर माणूस आहे इतकं दादाला कळायचं, कोण ते नाही. आणि शो सुरू झाला, थिएटर काळोखं झालं, की बूथच्या काचेपलीकडे त्याला काळं फडकं टांगल्यासारखं. डेस्कवरचे मोठे आकडे तेवढे तो भिंग लावून, नाक टेकवून वाचायचा.

मग इतकी वर्षं काम कसं केलं? कानांनी. जुने दिवे ज्या यंत्रांवर कमीजास्त व्हायचे ती बूथच्या तळाशी होती, आणि ती गुणगुणायची. दिवा मंद केला की एक सूर, चढवला की दुसरा. प्रत्येक दिव्याचा सूर वेगळा. मला सगळं एकच घूं घूं वाटायचं, पण दादा मान वाकडी करून सांगायचा, “सात नंबर अर्ध्यावर अडकलाय.” मी वर चढून बघावं तर खरंच अडकलेला असायचा. एकदा मॅनेजर त्याला म्हणाला, “दादा, तुमचे डोळे म्हणजे घारीचे.” आम्ही दोघं घरी येईपर्यंत हसत होतो. वहिनीला सांगितलं तेव्हा ती मात्र हसली नाही.

“डोळे गेले तर गेले,” दादा म्हणायचा, “कान आहेत ना. कानांवर मी मरेपर्यंत काम काढीन.” त्याला घरी बसायचं नव्हतं, बस्स. बाकी काही नको होतं त्याला. वहिनी म्हणायची, “अहो, पुरे आता, घरी बसा.” तर म्हणायचा, “घरी बसून काय करू? भिंत बघू? तीही दिसत नाही.”

नवे दिवे मुके निघाले आणि दादाचे कान रिकामे पडले. मग आम्ही एक युक्ती काढली. मी शो चालू असताना विंगेत उभी असायचे, कानाला हेडसेट. दादाला बूथमध्ये हेडसेट. सगळं वायरलेस झालं तरी हा हेडसेट वायरचाच ठेवायला मी लावला होता, भांडून. त्यावर तोंडाने बोलायची सोय नव्हती, कारण मॅनेजर त्याच लाइनवर असायचा. म्हणून टिचक्या. दिवा लागला की मी माइकवर एक टिचकी मारायची. गेला की दोन. एक चालू, दोन बंद. दादा डेस्कवरची कळ सरकवणार, टिचकी ऐकणार, पुढच्या दिव्याकडे वळणार. मॅनेजरने दोनदा विचारलं, “ताई, हे काय टकटक वाजतं मध्येच?” मी म्हटलं, “माइक सैल झालाय, नवा द्या.” नवा मागितला की तो माणूस आपोआप गप्प बसतो.

असे आठ महिने काढले. खोटं कशाला बोलू, मजा यायची. दोघं चोर एकाच घरात शिरल्यासारखं वाटायचं. शो संपला की दादा म्हणायचा, “आज अठ्ठ्याण्णव टिचक्या. एक उशिरा मारलीस.” मोजायचासुद्धा मेला.

पण त्या डब्यांची एक खोड निघाली. रिकाम्या थिएटरात आम्ही तीन दिवस तपासलं होतं, एकदाही चूक नाही. मग एका शाळेचा बक्षीस समारंभ होता, भर दुपारी बाराला. सातशे आईबाप येऊन बसले, सातशे खिशांत सातशे फोन. आपल्या डब्या ज्या हवेतून बोलतात त्याच हवेतून ते फोनही बोलतात. त्यात मॅनेजरला हुक्की आली आणि त्याने त्याच आठवड्यात प्रेक्षकांसाठी फुकट वायफाय सुरू केलं होतं. झालं. एक पोरगी कप घ्यायला मंचावर आली आणि सगळे दिवे गेले. दोन सेकंदांनी आले. मग परत गेले. पोरगी रडायला लागली.

मॅनेजर बूथमध्ये जाऊन दादाला वाट्टेल ते बोलला. वायफाय त्याचं, आणि चूक कुणाची, तर डेस्कवरच्या माणसाची. “हात थरथरतात का तुमचे? परत असं झालं तर मी डेस्कवर दुसरा माणूस बसवणार, स्पष्ट सांगतो.” मी मागे उभी होते. माझ्या तोंडावर आलं होतं, की ते वायफाय आधी तुझ्या ऑफिसात नेऊन गुंडाळून ठेव. दादाने माझं मनगट धरलं म्हणून गप्प बसले.

घरी त्याने जेवण टाकलं. “दुसरा माणूस” एवढंच दोनदा म्हणाला.

आता मी काय केलं ते ऐका. त्या नव्या दिव्यांच्या पाठीला मोबाइलसारखा एक छोटा पडदा असतो, त्यात एक प्रश्न विचारलेला असतो: सिग्नल तुटला तर काय करायचं? दोन उत्तरं. अंधार करायचा, किंवा शेवटचा हुकूम जसा होता तसंच राहायचं. बसवतानाच दादाने बजावून सांगितलं होतं, सगळे दिवे अंधारावर ठेव. “अंधार झाला तर चारचौघांना कळतं की बिघाड झालाय. तसाच राहिला तर कुणालाच कळत नाही माकडे. डेस्क म्हणेल बंद आणि वर दिवा चालू. मला तर डेस्कच दिसतं.” इतकं सरळ सांगितलं होतं त्याने.

आणि मी एका सकाळी एकटी जाऊन, शिडी लावून, चोवीसच्या चोवीस दिवे ‘तसंच राहा’वर करून आले. दोन सेकंदांसाठी सिग्नल तुटला तर दिवा तसाच जळत राहील, कुणाच्या लक्षातही येणार नाही, मॅनेजरला तोंड उघडायला जागा मिळणार नाही. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने सगळे परत फिरवायला लावले असते. मला वाटलं, मी त्याची खुर्ची वाचवतेय.

पुढचे चार शो असे झाले की बघत राहावं. एकदाही डोळा मिटला नाही दिव्यांनी. मॅनेजर हसून गेला. दादा खूश. “बघ, डब्या सरळ झाल्या,” म्हणाला. मी म्हटलं, “हो ना.”

मग बाईंचा शो आला.

बाई म्हणजे मोठ्या नटी. सत्तरी ओलांडलेल्या. आमच्या या थिएटरात चाळीस वर्षं काम केलेल्या, आणि आता हा शेवटचा प्रयोग, दुपारी चारचा. नाटकाच्या शेवटी त्या खिडकीपाशी खुर्चीत बसतात, पत्र वाचता वाचता हात खाली पडतो, मान कलते. मेल्या. सगळे दिवे आधीच गेलेले, डोक्यावरचा एकच उरलेला. तो दहा सेकंदांत विझत विझत जातो. पूर्ण अंधार. अंधारात दहा आकडे मोजायचे, तेवढ्यात बाई उठून आत जातात. मग सगळे दिवे एकदम लागतात आणि खुर्ची रिकामी. बस, एवढंच. पण त्या रिकाम्या खुर्चीवर माणसं हुंदके देतात, मी पाहिलंय.

बाई त्या दुपारी स्वतः बूथमध्ये आल्या. गुडघे दुखत असताना दोन जिने चढून. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “दादा, माझं मरण चाळीस वर्षं तुम्हीच सांभाळलंत. आज शेवटचा अंधार नीट द्या हं.”

“बाई,” दादा म्हणाला, “तुम्हाला उठताना पायाखाली भीती वाटणार नाही इतका स्वच्छ देतो.”

त्या गेल्यावर त्याने मला विचारलं, “बाई थकल्यात का ग दिसायला?” मी म्हटलं, “नाही, तशाच आहेत.” थकल्या होत्या. पण त्याला काय सांगायचं.

थिएटर खच्चून भरलं. पायऱ्यांवर माणसं. मी विंगेत, बाईंच्या खुर्चीपासून पाच पावलांवर. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मी टिचक्या देत होते, दादा घेत होता. शेवटचा प्रवेश आला. बाईंनी पत्र उघडलं, आणि काय झालं माहितीये? अख्ख्या थिएटराने फोन वर केले. शेवटचं मरण ना, घरच्यांना दाखवायला नको? जो तो तिथल्या तिथे, त्या फुकट वायफायवरून, बाईंना जगभर पाठवायला लागला. खुर्च्यांच्या रांगांवर नुसते चमकते चौकोन.

हात खाली पडला. मान कलली. वरचा दिवा उतरायला लागला, नव्वद, ऐंशी, सत्तर, अर्ध्यापर्यंत आला, आणि थांबला.

तिथेच थांबला. बाईंच्या चेहऱ्यावर, सुरकुती न् सुरकुती दिसेल असा. तिकडे डेस्कवर दादाचे आकडे शून्यावर पोचले असणार. हुकूम गेला, पण दिव्यापर्यंत आलाच नाही. आणि मी शहाणीने त्याला शिकवून ठेवलं होतं, ऐकू आलं नाही तर तसाच राहा.

दादा टिचकीची वाट बघत होता. मी एक मारली. एक, म्हणजे चालू आहे. म्हणजे दादा, दिवा गेलेला नाही, परत सरकव, काहीतरी कर. दिवा हलला नाही. त्याने ऐकली नसेल तर, म्हणून मी घाईघाईने परत एक मारली. लगेच. पहिलीच्या पाठोपाठ.

हेडसेटवर दादाचा आवाज आला, हलका, समाधानाचा. “ठीक.”

त्याने दोन ऐकल्या होत्या. दोन म्हणजे बंद. मीच दोन मारल्या होत्या.

आणि तो मोजायला लागला. “एक. दोन. तीन.”

तोंड उघडायला मला काय झालं होतं? आठ महिने त्या माइकवर न बोलायची सवय. मॅनेजर लाइनवर आहे, मॅनेजरला कळेल, एवढंच डोक्यात.  मी नुसती उभी. बाई तिकडे डोळे मिटून मेलेल्या. पापण्यांवर उजेड पडतोय हे त्यांना कळत होतं, पण त्या हलल्या नाहीत, बाईच त्या. पडदा ओढणारा दोरी धरून माझ्याकडे बघतोय. सात म्हणेपर्यंत कुणीतरी खोकलं. आठला मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. नऊला पुढच्या रांगेतल्या बाया माना वळवून बूथकडे बघायला लागल्या.

मग हेडसेटमध्ये बूथचं दार धाडकन उघडल्याचं ऐकू आलं.

“दादा, दिवा घालवा!” मॅनेजरचा आवाज.

“घालवलाय,” दादा म्हणाला.

“अहो समोर बघा!”

 मग दादा अगदी शांतपणे, समजावल्यासारखं म्हणाला, “बंदच आहे की. दहा झाले, आता सगळे लावतो.”

समोर काच. काचेपलीकडे मंचावर दिवा, दिव्याखाली बाई, आणि सातशे माणसं मागे वळून त्याच्याकडे बघतायत. आणि माझा भाऊ म्हणतोय, बंदच आहे की.

बाई उठल्या. दुसरा काय इलाज होता? मेलेल्या बाई भर उजेडात खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, पत्र उचललं आणि हळूहळू चालत आत आल्या. काही जण हसले. मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, सांभाळून घ्यायला. त्या टाळ्या हसण्यापेक्षा वाईट होत्या. बाई माझ्या शेजारून गेल्या, थांबल्या, मला म्हणाल्या, “असू दे ग,” आणि मेकअपच्या खोलीत जाऊन त्यांनी आतून कडी लावली. टाळ्या वाजवायला लोकांनी फोन खिशात टाकले, आणि तेव्हा कुठे सिग्नल मोकळा होऊन सगळे दिवे एकदम लागले. रिकाम्या खुर्चीवर. बरोबर दादाने सांगितलं होतं तसे.

मी बूथकडे धावले. दारात पोचले तेव्हा मॅनेजर दादाच्या तोंडापुढे हात हलवून बघत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. दादा डेस्ककडे तोंड करून बसलेला, त्याला माहीतही नाही. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. तो माणूस वाईट नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “किती दिवस?” त्याने विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत दादा म्हणाला, “कोण, माकड आली का?”

 घरी आल्यावर बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, “दिवा राहिला कसा? अंधारावर होता ना?”

“होता,” मी म्हटलं. “डबी बिघडली असेल.”

“आणि तू किती मारल्यास?”

इथे. इथे मी सांगायला हवं होतं. दोन मारल्या दादा, घाबरून मारल्या, चूक माझी. पण मग दिवे बदलल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि बाईंचं ते असू दे ग अजून माझ्या कानात होतं. एका दिवसात मला इतकं झेपलं नाही. मी भ्याले, दुसरं काही नाही.

“एकच,” मी म्हटलं. “एकच मारली.”

त्याचा हात नाडीवरच राहिला. “मला दोन ऐकू आल्या,” म्हणाला.  “हं,” म्हणाला. “म्हणजे कानही निघाले.”

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो, एवढ्या गडबडीत कुणालाही होईल असं.” तो म्हणाला, “मला नाही होत.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. म्हणाला, दादाने आता घरी राहावं, आणि डेस्क ताई, तुम्हीच सांभाळा. हे मी धरूनच चालले होते. पण साउंडवाला तिथे बसला होता, आमचा जुना माणूस, तोंडाने शिवराळ, पोटात माया. तो म्हणाला, “दादांना माझ्याकडे द्या. डोळे कुणाला हवेत? मला त्यांचे कान हवेत. तालमीला माझ्याशेजारी बसू देत, कुठला माइक शिट्टी मारतोय, कुठला फाटतोय, ते सांगतील. त्यांच्यासारखे कान या धंद्यात मी बघितले नाहीत.” मॅनेजरही म्हणाला, चालेल. मी उड्या मारत घरी आले. खरंच, घराच्या जिन्यावर मी दोन दोन पायऱ्या एकदम चढले.

दादाने सगळं ऐकून घेतलं. “भला माणूस आहे,” म्हणाला. “पण त्याला नाही म्हणून सांग.”

“का?”

“का म्हणजे? तूच सांगितलंस ना, एक मारलीस. एकीच्या दोन ऐकणारा माणूस माइक तपासणार? उद्या तिथेही माझ्यामुळे कुणाचा तरी तमाशा होईल. बाईंचा एक केला तेवढा पुरे.”

साउंडवाला स्वतः घरी आला, दोनदा. दादाने त्याला चहा पाजला आणि हात जोडले. कारण सांगितलं नाही.

आता दोन महिने झाले. दादा खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसतो. तो बसला की मी त्या खुर्चीकडे बघत नाही. परवा माझ्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या समोरच्या टेबलावर त्याचाच फोन वाजत होता. ठणठणीत वाजत होता, शेजारच्या घरात ऐकू जाईल असा. दादाने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला, आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, “वाजतोय का ग?”

“वाजतोय.”

तेव्हा कुठे त्याने उचलला. वहिनी मला नंतर म्हणाली, हल्ली असंच करतात. दाराची कडी वाजली तरी विचारतात, दूध उतू गेल्याचा आवाज आला तरी विचारतात. सगळं ऐकू येतं त्यांना, पण स्वतःच्या कानांवर विश्वासच उरला नाही बघ.

मला अन्न गोड लागेना. काल दुपारी, शोला निघायच्या आधी, मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि सगळं ओकले. शिडी, चोवीस दिवे, ‘तसंच राहा’. बाईंच्या वेळी एक मारली आणि घाबरून लगेच दुसरी मारली. “तुझे कान शाबूत आहेत दादा. तू दोन ऐकल्यास कारण मी दोनच मारल्या. मी खोटं बोलले. मला चपलेने मार, पण उद्यापासून साउंडवाल्याकडे जा.”

तो ऐकत होता. मान वाकडी करून, जुन्या यंत्रांची गुणगुण ऐकायचा तसा. माझं संपल्यावर हसला.

“माकडे,” म्हणाला, “तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. कशाला तोंड भाजून घेतेस?”

“अरे, हे खरं आहे!”

“चोवीस दिवे तू मला न विचारता बदलशील? तू?” त्याने माझं डोकं चाचपून शोधलं आणि त्यावर हात ठेवला. “सहा वर्षं डोळ्यांचं झाकलंस. आता कानांचं झाकतेस. पुरे ग. दमलीस तू.”

मी ओरडले. वहिनीच्या गळ्याची शपथ घेतली. रडले, मला रडता येत नाही तरी. जितकी ओरडले तितकं त्याला वाटत गेलं, की बघ किती जीव आहे हिचा माझ्यावर. वहिनी आतून आली आणि म्हणाली, “कशाला छळतेस ग त्यांना? झालं ते झालं.” तिलाही पटलं नव्हतं.

तीन वाजत आले होते. चारचा शो, डेस्कवर मला बसायचं होतं. मी तोंड धुतलं, पिशवी घेतली, चपला घातल्या.

“माकडे,” दादाने हाक मारली.

“काय?”

“तिकडे कुणी विचारलं, तर दादा कंटाळा आला म्हणून येत नाही असं सांग. कान गेलेत म्हणून कुणाला सांगू नकोस.”

मी म्हटलं, “नाही सांगत.”